आधी हात थांबू द्या, समजूत नंतर पटेल

भंडाऱ्याहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा. माहेर नागपूरला, मानेवाड्याकडे. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर त्याने आईला सांगितलं की मी आतून मुलगी आहे. वडिलांना कळलं त्या रात्री त्यांनी पट्ट्याने मारलं, वाढवलेले केस कात्रीने कापले, फोन काढून घेतला. तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी काही ना काही निमित्त होतं. आई दर गुरुवारी त्याला एका बाबाकडे नेते. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणतात, उमरेडकडे एक मुलगी पाहून ठेवली आहे, दोनाचे चार हात केले की पोट्टा ताळ्यावर येईल. भाऊ म्हणतो, मी डेऱ्यावर, म्हणजे तृतीयपंथीयांच्या गुरूंकडे, निघून जातो. ताईंनी विचारलं आहे: त्याला कोणत्या डॉक्टरकडे न्यावं, आणि बाबांची समजूत कशी घालावी?

ताई, डॉक्टरचं पुढे बघू. समजुतीचंही पुढे बघू. शेवटचा मार कधी बसला आणि त्या वेळी घरात कोण कोण होतं, हे मला आधी हवं होतं. पत्रात ते नाही. तुम्हाला ते माहीत नसेल, तर पहिलं काम तेच शोधून काढण्याचं.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. एकवीस वर्षं मी नागपुरात समुपदेशनाचं काम करते आहे. सुरुवातीची काही वर्षं एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तेव्हा असंच एक लेकरू आलं होतं, सतरा-अठराचं. मी आई, वडील, लेकरू अशा तिघांना एका खोलीत बसवलं आणि पाऊण तास समजावलं. वडील शांतपणे ऐकत होते. जाताना हात जोडून म्हणाले, मॅडम, छान सांगितलं तुम्ही. मी खूश. तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं की तेच पोरगं खाली हाडांच्या वॉर्डात आहे, मनगट मोडलंय. घरची गोष्ट बाहेरच्या बाईला सांगितली म्हणून त्याच रात्री मारलं होतं. माझ्या त्या पाऊण तासाची किंमत त्याच्या मनगटाने मोजली. तेव्हापासून एक नियम पाळते. घरात हात उचलला जातोय तोवर मारणारा आणि मार खाणारा यांची एकत्र बैठक घेत नाही. तुम्हीही घेऊ नका. रविवारी सगळ्यांना बसवून एकदाचा सोक्षमोक्ष लावू, हा विचार मनातून काढून टाका.

आपल्याला वाटतं, बाबांना हे कळत नाही म्हणून ते मारतात. एकदा कळलं की थांबतील. माझा अनुभव वेगळा आहे. तुमच्या बाबांना त्यांच्या साहेबांचंही पुष्कळ काही पटत नसेल, पण साहेबांवर त्यांनी कधी पट्टा काढला नाही. हात कुठे उचलायचा आणि कुठे नाही, हे माणसाला नीट ठाऊक असतं. म्हणून पटणं आणि मारणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बाबांना ही गोष्ट पाच वर्षं पटली नाही तरी चालेल. मार मात्र या आठवड्यात थांबला पाहिजे.

तो कोण थांबवू शकेल? तुम्ही भंडाऱ्याला, बसने दीड-दोन तास लांब. आई घाबरलेली, आणि माझा अंदाज आहे की तिलाही ऐकावं लागत असेल, 'तूनंच बिघडवलं त्याले.' (तिच्यावरही हात उचलला जात असेल तर तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार आहे. हे तिला स्वयंपाकघरात, एकटी असताना सांगा.) बाबा ज्याचं ऐकतात असा एक माणूस शोधा. मोठे बाबा नकोत, त्यांचं घोडं उमरेडला अडलंय. बहुतेक घरांत हा माणूस अनपेक्षित निघतो. एका घरात तो भजनी मंडळातला पेटीवाला होता, एका घरात शेताचा वाटेकरी, एका घरात वडिलांची म्हातारी आई. त्या आजीला ट्रान्सजेंडर हा शब्द माहीत नव्हता आणि आम्ही सांगितलाही नाही. ती मुलाच्या आणि नातवंडाच्या मधे खाट टाकून झोपली, एवढंच केलं. अडीच महिने. त्या अडीच महिन्यांत बाकी सगळं करता आलं.

अशा माणसाकडून बाबांना काय सांगायला लावायचं? स्वीकारा, असं नको. अंगावर हात टाकायचा नाही आणि कॉलेज बंद करायचं नाही, एवढंच. कारण विचारलं तर बापांना समजेल असं कारण द्या: १९ वर्षांचं लेकरू मार खाऊन घराबाहेर पडलं तर सगळ्या मानेवाड्याला कळेल. मला हे कारण आवडत नाही. पण लोक काय म्हणतील या भीतीने हात उठत असेल, तर त्याच भीतीने तो खाली यायलाही हरकत नाही.

आता शब्दांचं. तुमच्या पत्रात सगळीकडे 'तो' आहे. मी यापुढे 'ती' लिहिणार आहे, कारण तिने तसं सांगितलंय. तुम्हाला जड जाईल, जाऊ द्या. आपली भाषा या बाबतीत फार कडक. साधं 'जेवलो' की 'जेवले' म्हणताना तुम्ही कोण ते सांगून टाकावं लागतं. निम्मी भांडणं ताटावर पेटतात, एका क्रियापदावरून. 'मी नंतर जेवते' असं तोंडातून निघालं आणि वाटी भिंतीवर आपटली, हे मी किती घरांत ऐकलंय. पण याच भाषेत एक पळवाटही आहे. आपल्याकडच्या आज्या म्हणतात ना, 'लेकरू आलं का? लेकरू जेवलं का?' लेकरू नपुंसकलिंगी आहे आणि त्यात माया ठासून भरली आहे. ज्या आईला 'मुलगी' म्हणवत नाही आणि 'मुलगा' म्हटलं की समोरचा चेहरा पडतो, तिला मी सांगते, काही दिवस लेकरू म्हणा. व्याकरणाची चूक नाही, कोणाचा अपमान नाही, शेजारणीला शंकाही येत नाही. तुमच्या आईला हे जमेल. बाहेर मात्र तिला विचारल्याशिवाय तिच्यासाठी स्त्रीलिंग वापरू नका. वर्गात किंवा नातेवाइकांत तिने अजून सांगितलं नसेल, तर तुमच्या प्रेमापोटी तिचं बिंग फुटेल.

गुरुवारचा बाबा. तिथे नेमकं काय होतं, ते विचारा. उदी लावून नारळ फोडत असतील तर आईशी वाद घालू नका. तिला हातपाय हलवल्याचं समाधान मिळतंय. पण मिरचीची धुरी देणं, साखळीने बांधणं, छडीने मारणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं यातलं काही असेल, तर महाराष्ट्रात तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजार ते ५० हजार. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या या प्रकारांची यादीच कायद्याच्या अनुसूचीत आहे. ती वाचली की वाटतं, लिहिणाऱ्याने आपल्याकडचे सगळे दरबार फिरून पाहिले असावेत. आईला ही शिक्षा सांगून घाबरवू नका, पण त्या गुरुवारच्या बाबाला कोणीतरी सांगितली तर गुरुवार आपोआप बंद होतो. हे मी दोनदा पाहिलं आहे.

डॉक्टर. तिला 'बदलण्यासाठी' कोणाकडेही नेऊ नका, कारण असा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ही गोष्ट मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा 'रूपांतर उपचारां'ना डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही 'सहा बैठकांत ठीक करतो' म्हणणारे भेटतात. त्यामुळे आधी फोनवर विचारा, 'डॉक्टर, तुम्ही हे बदलता का?' हो म्हणाले की फोन ठेवा. चांगला मनोविकारतज्ज्ञ झोप, भूक, भीती, मार खाऊन खाऊन आलेली उदासी यांवर काम करेल, आणि त्याची तिला गरज असू शकते.

एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारायचा आहे, आणि स्पष्ट शब्दांत: 'मरून जावं असं वाटतं का? काही ठरवलंय का?' विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट ओझं उतरतं. तुमची शेती आहे की नाही ते पत्रात नाही, पण आपल्या विदर्भातल्या पुष्कळ घरांत फवारणीचं औषध जिन्याखाली पडलेलं असतं. असेल तर ते आजच दुसरीकडे हलवायला लावा, कुठे ठेवलं ते फक्त एकाला माहीत असू द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिला पाठ करून द्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. फोन काढून घेतलेल्या माणसाला मोबाइलमध्ये साठवलेले नंबर काही कामाचे नसतात, म्हणून पाठ.

हळूच आणखी एक विचारा, ती औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून खाते का. शरीर बदलावं म्हणून पुष्कळ मुली हे चोरून करतात, कधी दिवसाला तीन-तीन गोळ्या. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. रागावू नका. संप्रेरकांचे उपचार घ्यायचे तर ते रक्ततपासणी करून, अंतःस्रावतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यायचे असतात, हे सांगा.

लग्नाचं मी चार ओळींत संपवते. कागदोपत्री ती १९ वर्षांचा मुलगा आहे आणि मुलाचं लग्नाचं वय २१. म्हणजे हे लग्न २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह ठरतं. लावणारे भटजी, ठरवणारे मोठे बाबा, संमती देणारे आईवडील सगळे त्यात येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. हे मोठ्या बाबांच्या कानावर घाला. आणि आईला विचारा, उमरेडच्या त्या मुलीच्या आईने आपलं काय वाईट केलंय?

डेऱ्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी भीती तीच दिसते. बाबांनी तृतीयपंथी पाहिले ते सिग्नलवर आणि रेल्वेत. आपलं पोर तसं होऊ नये म्हणून ते मारतात, आणि मार असह्य झाला की पोर नागपूर स्टेशनवर जाऊन उभं राहतं. ज्या रस्त्याची धास्ती, त्याच रस्त्यावर बापच ढकलतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत काढतो, इडापीडा घेऊन जा गे मारबत म्हणत तिला वेशीबाहेर नेऊन जाळतो. काही घरं आपल्या लेकराची मारबत करतात. बहिणीचं लग्न जमत नाही, याच्यामुळे. बापाची शुगर वाढली, याच्यामुळे. भाऊबंदकीत मान गेला, याच्यामुळे. मग हे एकदा बाहेर गेलं की घर सुखी. मी अशा घरांत नंतरही गेले आहे. शुगर तेवढीच असते.

डेरा वाईट असं मी म्हणणार नाही. घराने टाकलेल्या शेकडो जणींना गुरूंनी भाकर दिली, आजारपण काढलं, अंत्यसंस्कार केले. पण तीही एक व्यवस्था आहे, तिला रीत आहे, उतरंड आहे. चेल्याने कमाईतला वाटा द्यायचा, बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) आणि मागण्याचे इलाके ठरलेले, मोडून निघायचं तर दंड. काही गुरू आईसारख्या, काही सासूपेक्षा कडक. शिकून नोकरी करायची असेल तर तिथून वाट अवघड होते. आणि निर्वाणाच्या नावाखाली अर्धशिक्षित माणसाकडून लिंगच्छेदाची शस्त्रक्रिया करून घेण्याचा दबाव आला, तर जीव जातो. तिला तिथे जायचं असेल तर तिने ते चार जणींशी बोलून, दिवसाउजेडी ठरवावं. पट्टा खाल्ल्यावर रात्री बारा वाजता बॅग उचलून ठरवू नये.

त्या चार जणी भेटतील कुठे? नागपुरात सारथी ट्रस्ट बरीच वर्षं याच समुदायासोबत काम करतं. घर आणि डेरा यांच्या मधलं आयुष्य जगणारी माणसं तिथे दिसतात: नोकरी करणारी, भाड्याने खोली घेऊन राहणारी, आईला दर महिन्याला पैसे पाठवणारी. आपल्याच शहरात २०१८ साली विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीश म्हणून बसल्या. त्या स्वतः ट्रान्सजेंडर आहेत. बाबांसमोर हे उदाहरण ठेवायला हरकत नाही, पण जपून. 'तीही न्यायाधीश होऊ शकते' असं म्हणताना नकळत अट तयार होते, की आधी न्यायाधीश हो, मग माया करू. सरासरी मार्क मिळवणाऱ्या मुलीलाही मार न खाता जेवायला मिळालं पाहिजे.

कायद्याचं आता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ साली संसदेने जो कायदा केला, त्याच्या कलम १२ मध्ये लिहिलं आहे की अशा व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्क आहे, तिला घराबाहेर काढता येणार नाही. कलम १८ मध्ये घर सोडायला भाग पाडणं आणि शारीरिक, लैंगिक, तोंडी, मानसिक, आर्थिक छळ हे गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. लैंगिक अत्याचारालाही तीच दोन वर्षं, हे वाचून माझा दरवेळी संताप होतो. मारहाण आणि कोंडून ठेवणं हे भारतीय न्याय संहितेखालीही गुन्हे आहेत, कलम ११५ आणि १२७. त्या क्षणी जिवावर बेतलं तर ११२. ट्रान्सजेंडर ओळखपत्राच्या नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन ताजी माहिती घ्या. त्यांचा फोन १५१००, वकील मोफत मिळू शकतो.

पण खरं सांगू? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्या जणी वडिलांवर गुन्हा नोंदवतात. 'बाप आहे माझा' म्हणतात. मी आग्रह धरत नाही. मात्र प्रत्येक माराची नोंद ठेवायला सांगते: तारीख, कशाने मारलं, वळाचा फोटो, शक्य असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद. हे सगळं तुमच्या फोनमध्ये राहू द्या, तिच्या नको. उद्या गरज पडली तर असेल, नाही पडली तर देवाची कृपा.

तिने घर सोडलंच, तर बाबा हरवल्याची तक्रार देतील. ती सज्ञान आहे. तिने स्वतः ठाण्यात जाऊन किंवा वकिलामार्फत लेखी द्यावं की मी मर्जीने बाहेर आहे, सुखरूप आहे, घरच्यांपासून धोका आहे. एक प्रत पोलीस आयुक्तांना. उलट घरच्यांनीच तिला कोंडून ठेवलं, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असा अर्ज, करता येतो. अशा अर्जांत न्यायालयाने त्या व्यक्तीला घरच्यांपासून बाजूला भेटावं, समुपदेशनाच्या नावाखाली मन वळवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये बजावलं आहे.

तुम्ही स्वतः तिला भंडाऱ्याला ठेवू शकाल का? पत्रात ते तुम्ही टाळलंय, आणि मला त्यामागची अडचण कळते. आधी जावईबापूंशी बोला, सासूबाईंचा अंदाज घ्या, मग शब्द द्या. 'कायमची ये' म्हणून तिसऱ्या दिवशी परत पाठवण्यापेक्षा 'परीक्षा झाली की पंधरा दिवस ये' बरं. घरात मोडलेला शब्द अशा मुलींना पट्ट्यापेक्षा जास्त लागतो.

पुढच्या वेळी मानेवाड्याला जाल तेव्हा रिकामी पिशवी न्या. तिचं आधार, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, बँकेचं पासबुक. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बाबांचा असेल तर बदलून घ्या, नाहीतर शिष्यवृत्तीचा पैसा आला-गेला त्यांना कळत राहील. आणि राखीव प्रवर्गातले असाल तर जात वैधतेचं काम घर सुटण्याआधी करा. त्यासाठी वडिलांच्या बाजूचे जुने कागद लागतात, एकदा दार बंद झालं की ते मिळत नाहीत, आणि मग शिक्षण तिथेच अडतं. आजोबांचा शाळेचा दाखला बहुतेक घरांत देवघराच्या वरच्या फळीवर, पत्र्याच्या पेटीत असतो. तिथून सुरुवात करा.